धावत्या जीपमधलं मरण

“इथे मेलाच नाही, तर इथे नोंद कशी करू, मॅडम?” ग्रामसेवक म्हणाले आणि त्यांनी मृत्यूचं रजिस्टर माझ्याकडे वळवलं. पान कोरं होतं. कोरं पान पाहून माझी समजूत पटेल असं त्यांना वाटत असावं.

“मग कुठे मेला?” मी विचारलं.

“ते तुम्ही शोधा. तुम्ही वकील आहात.”

माझ्या शेजारी मोगीबाई बसली होती. मेलेला दित्या हा तिचा नवरा. सातपुड्यातल्या एका आश्रमशाळेत तो कामाठी होता. कामाठी म्हणजे पाणी भरणारा, धान्याची पोती वाहणारा, वर्ग झाडणारा. त्याच्याविना शाळेचा एक दिवस निघत नाही आणि त्याचं नाव शाळेच्या कुठल्याही फलकावर नसतं. तो नोकरीत असताना गेला, म्हणून मोगीबाईला अनुकंपा तत्त्वावर नोकरी मिळू शकत होती. त्यासाठी अर्ज करायचा, अर्जासोबत नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला जोडायचा. आश्रमशाळांच्या ऑफिसने तिला सांगून ठेवलं होतं, होळीच्या आत आण, नंतर घेणार नाही. नोकरी मिळाली नाही तर तिला ऊसतोडीला गुजरातमध्ये जावं लागणार होतं, आणि त्याच शाळेत शिकणाऱ्या तिच्या दोन्ही मुलींना शाळा सोडून बरोबर जावं लागणार होतं.

दिवाळी होऊन गेली होती. बाई उन्हाळ्यापासून दाखल्यासाठी फिरत होती. माझ्याकडे ती आली तेव्हा तिच्या पिशवीत आधार कार्डाच्या झेरॉक्सचा गठ्ठा होता. प्रत्येक ऑफिसने एकेक मागितली होती. काम मात्र कुणीच केलं नव्हतं.

माझं निम्मं काम कोर्टात नसतं, रेकॉर्ड रूममध्ये असतं. वारस लावायचा असो, जमिनीची वाटणी असो, जातपडताळणीसाठी पणजोबांचा कागद हवा असो, सगळं येऊन एखाद्या मेलेल्या माणसाच्या नोंदीवर अडतं. फार जुनी नोंद तहसीलमध्ये कोतवाल बुकात मिळते. गावचा कोतवाल जन्म-मृत्यूची खबर द्यायचा आणि ती त्या बुकात चढायची, म्हणून त्याचं हे नाव. अलीकडची नोंद गावात असेल तर ग्रामपंचायतीत, शहरात असेल तर नगरपालिकेत. लोक एक चूक हमखास करतात. माणूस जिथला, तिथे नोंद शोधतात. नोंद होते ती माणूस जिथे मरतो तिथे. तापीकाठच्या एका गुजर घराने आजोबांच्या मृत्यूची नोंद आपल्याच गावात दोन वर्षं शोधली. आजोबा मुलीकडे सुरतला गेले असताना वारले होते. घरातल्या लहान पोरालाही हे माहीत होतं. सुरतला विचारावं असं कुणाला सुचलं नाही.

म्हणून माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. कुठे गेला? मोगीबाईलाही मी तोच विचारला होता.

“गाडीत,” ती म्हणाली.

ती घरी पावरी बोलते. माझ्याशी तोडक्या मराठीत बोलायची, पण जेवढं बोलायची तेवढं नेमकं. दित्याच्या पोटात पाणी झालं होतं. तळोद्याच्या एका खाजगी दवाखान्यात तो काही दिवस होता. डॉक्टर म्हणाले, सुरतला न्या. दित्या म्हणाला, घरी न्या. त्याला कळलं होतं. बाईने डिस्चार्जच्या कागदावर अंगठा दिला. ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ असं त्यावर छापलेलं असतं. मग तिने त्याला डोंगरात जाणाऱ्या जीपमध्ये बसवलं. वाटेत तो गेला.

तिने हे खरं सांगितलं, तिथेच तिचं चुकलं. निदान सगळ्या ऑफिसांचं मत तसंच होतं.

ग्रामसेवकांनी रजिस्टर बंद केलं आणि आवाज खाली आणला. “मॅडम, एक सांगू? घरी मेला असं लिहून द्या. आत्ता प्रक्रियेला लावतो. तिचंही काम होईल, माझंही डोकं शांत राहील.”

“शाळेच्या मुख्याध्यापकांनी वर पत्र पाठवलंय. ‘दवाखान्यातून घरी आणताना वाटेत निधन.’ ते तिच्या फाइलला लागलंय. तुमच्या दाखल्यावर ‘घरी’ आलं, तर ऑफिस दोन्ही कागद शेजारी ठेवून तिचा अर्ज फेकून देईल. आणि खोटी माहिती दिली म्हणून तिच्यावर केस होईल, तुमच्यावर नाही.”

“मुख्याध्यापकांना तरी कशाला लिहायचं होतं एवढं?”

म्हणजे खरं लिहिणारा मुख्याध्यापकच दोषी ठरला. मी म्हटलं, “बरं. इथे नोंद नाही, हे मला लेखी द्या.”

“त्याची काय गरज?”

“मला आहे.”

त्याला अनुपलब्धता दाखला म्हणतात. शोध घेतला, नोंद आढळली नाही, एवढाच मजकूर असतो. तो मागणं हा नागरिकाचा हक्क आहे. पण नाही म्हणायला फक्त तोंड लागतं. लिहून द्या म्हटलं की ऑफिसातलं पेन हरवतं, शिक्का दुसऱ्या गावाला गेलेला असतो, नाहीतर साहेब मीटिंगला असतात. मी तिथे बसून राहिले. शिक्का सापडला.

दवाखान्यात तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत झाली. “आमच्याकडून पेशंट जिवंत गेला. हा बघा डिस्चार्ज.” त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी तेही लेखी घेतलं. तळोद्याच्या नगरपालिकेतलं रजिस्टर पाहिलं. काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, “हद्दीबाहेरचं प्रकरण.”

“हद्दीबाहेरचं कशावरून? हद्दीत असतानाच गेला असेल तर?”

“गेला का?”

“ते तुम्ही विचारायला हवं ना?”

“आम्ही का विचारू? तुम्ही सांगा, आम्ही लिहू.”

दित्या जिवंत निघाला आणि मेलेला पोचला. मधला रस्ता कुणाचाच नव्हता. रस्त्यावर टोल घ्यायला, गाडी अडवायला, लाकूड तपासायला माणसं असतात. मेलेल्याचं नाव लिहायला कुणी नसतं. घरी येऊन मी चहा ठेवला आणि उतू घालवला, एवढी मी चिडले होते. नवरा म्हणाला, “दुसऱ्यांच्या मयतीचा राग चहावर काढू नको.” मग मी नियमांचं पुस्तक काढलं.

त्यात उत्तर होतं, आणि ते शोधायला विद्वान असायची गरज नव्हती. जन्म-मृत्यू नोंदणीच्या नियमांत धावत्या वाहनासाठी सोय आहे. जन्म किंवा मृत्यू चालत्या गाडीत झाला, तर गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्याने गाडी जिथे पहिल्यांदा थांबते तिथे खबर द्यायची. नोंद तिथली. ज्याने कुणी हा नियम लिहिला त्याला माहीत होतं की माणसं रस्त्यातही मरतात. आमच्या तीन ऑफिसांना ते माहीत नव्हतं. किंवा माहीत होतं आणि पुस्तक उघडायचा कंटाळा होता. दुसरंच खरं असावं.

म्हणजे मला दोन गोष्टी सिद्ध करायच्या होत्या. दित्या कधी गेला आणि त्यानंतर जीप पहिल्यांदा कुठे थांबली. दोन्ही सांगू शकणारी माणसं दोन, मोगीबाई आणि ड्रायव्हर.

मोगीबाईला मी हे समजावलं. तिला आनंद होईल अशी माझी कल्पना होती.

“दाखल्यावर गाडीत लिहिणार?” तिने विचारलं.

“मृत्यूचं ठिकाण लिहिणार. जिथे गाडी थांबली तिथलं.”

“गावाला कळेल.”

“काय कळेल?”

मग तिने सांगितलं. तिच्या गावात वाटेत मेलेल्या माणसाला घरात घेत नाहीत. अंगणाबाहेर ठेवतात, तिथूनच नेतात, त्याचे विधीही वेगळे करतात. घरात घेतला तर साऱ्या पाड्याला बाधतं असं मानतात. दित्याने दवाखान्यात तिला एकच सांगितलं होतं, मला घरात ने. म्हणून तिने गावाला सांगितलं की तो घरी पोचला, दोन घोट पाणी प्यायला आणि मग गेला. गावाने ऐकून घेतलं. ज्या चौघांनी त्याला जीपमधून उतरवून आत नेलं, त्यांच्या हाताला तो मेलेला आहे हे कळलं असणारच, पण तेही काही बोलले नाहीत. मुख्याध्यापकांना तिने खरं सांगितलं, कारण ते गावचे नव्हते.

म्हणजे बाईने गावाशी खोटं बोलून नवऱ्याचा शब्द पाळला होता, आणि सरकारशी खरं बोलून स्वतःचं काम अडवलं होतं. आता सरकारी कागदावर खरं उमटलं तर गाव तिला जाब विचारणार होतं.

मी तिला गोड बोलून फसवलं नाही. म्हटलं, “मोगीबाई, दाखला हवा असेल तर हे लपणार नाही. तुझ्या मुली शाळेत राहतील की ऊसतोडीला जातील, यातलं काय ते ठरव. गावाचं काय ते आपण नंतर बघू.”

तिने ठरवायला फार वेळ घेतला नाही. “लिही,” ती म्हणाली.

ड्रायव्हरचं नाव भिकनभाऊ. तळोद्याचा. त्याची जीप स्टँडजवळ उभी होती आणि आत माणसं भरेपर्यंत तो बाहेर तंबाखू मळत होता. मी ओळख सांगितली, दित्याचं नाव काढलं. तंबाखू मळायचा अंगठा थांबला.

“मन्ही गाडीमा कोणी मरेल नही, ताई. तो त्याना घर जाईसन मरना.”

“भाऊ, मी पोलीस नही शे. वकील शे. तुमले कोणी धरावं नही.”

“तुम्ही वकील ऱ्हावा नही ते कलेक्टर. लोकेस्ले कळनं ते मन्ही गाडीमा कोण बशी?”

त्याचंही खरं होतं. डोंगरातल्या जीपला परमिटपेक्षा लोकांच्या समजुतीवर जास्त चालावं लागतं. जीपमध्ये मरण झालं अशी बोलवा पसरली की माणसं मागच्या जीपची वाट बघतात. मी वाद घातला नाही. भाडं देऊन पुढच्या सीटवर बसले. मोगीबाई मागे बसली. भिकनभाऊने तिच्याकडे पाहिलं नाही.

मला एवढंच बघायचं होतं की ही जीप थांबते कुठे.

तळोदा सुटलं. केळीचे मळे लागले, मग कापूस, मग मोकळं रान. वाटेत हात दाखवणाऱ्या दोन माणसांना तो “भरेल शे, भरेल शे” म्हणत सोडून गेला. जीप ठासून भरली होती. अशी ठासून भरलेली जीप मधे थांबत नाही, हे मला कळलं आणि बरं वाटलं. ती थांबली ती थेट घाटाच्या पायथ्याशी. तिथे एका झाडाखाली शेंदूर फासलेला दगड आहे. घाट चढणारी प्रत्येक जीप तिथे थांबते. ड्रायव्हर उतरतो, उदबत्ती लावतो, कुणी नारळ फोडतं, कुणी विडी पेटवून दगडापुढे ठेवतं. न थांबता घाट चढलेला ड्रायव्हर मी अजून पाहिलेला नाही. अगदी ज्याला वर चढायची घाई आहे, तोही इथे थांबतो.

भिकनभाऊ उदबत्ती लावून उभा राहिला तेव्हा मी शेजारी जाऊन उभी राहिले.

“भाऊ, त्या दिन गाडी पहिले कोठे थांबनी?”

त्याने दगडाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. “ताई, तुम्ही बी जागा बरोबर निवडी.”

“मी नही निवडी. तुम्हीच थांबाडी.”

तो जरा हसला आणि मग हसू गेलं. “अठे खोटं नही बोलानं,” तो म्हणाला. “केळीना मळा सरनात आणि तो गया. बाईनी मन्हाकडे देखं. मी आरशामा देखं. दोन्हीस्ले समजनं. मी गाडी थांबाडी नही. कशी थांबाडू? मांगे पोरेसोरे बठेल व्हतात, एक बाळंतीण व्हती. बाईनी त्याना मुंडकाले मफलर गुंडाळा आणि तशीच धरीसन बशी ऱ्हायनी. मंग गाडी अठे थांबनी.”

मी मोगीबाईला हाक मारली. तिने कुठलीही भर न घालता सांगितलं, “इथे पाणी मागितलं. त्याच्या तोंडात घातलं. बाहेर आलं.”

जीपमधली बाकीची माणसं विड्या ओढत होती. कुणी आमच्याकडे बघत नव्हतं. त्या दिवशीही असंच कुणी बघितलं नसणार.

मी देवभोळी नाही. पण साक्षीदार कुठे उभा राहून खरं बोलतो, हे वकिलाला कळायला हवं. दुसऱ्या दिवशी भिकनभाऊ तळोद्यात माझ्या टेबलाशी आला आणि त्याने प्रतिज्ञापत्रावर सही केली. एकच अट घातली. “मन्ही गाडीना नंबर मोठा अक्षरमा नका लिखू.” मी साध्याच अक्षरात लिहिला.

त्या झाडाची आणि दगडाची जागा पायथ्याच्या गावाच्या ग्रामपंचायतीत येते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथे माझी अजून कामं असतात. तिथले ग्रामसेवक तरुण होते, बोलायला चांगले, खुर्चीला घट्ट. मी प्रतिज्ञापत्रं, डोंगरावरच्या मोगीबाईच्या गावाचा नोंद नसल्याचा दाखला, दवाखान्याचं पत्र आणि नियमाची झेरॉक्स पुढे ठेवली.

त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते असं: “हा आमच्या गावचा माणूस नाही.”

“नसू दे. नोंद मृत्यूची आहे, माणसाच्या गावाची नाही.”

“आमच्या रेशन कार्डात नाव नाही.”

“धावत्या गाडीत मेलेल्याचं रेशन कार्ड कुठल्या गावात असावं लागतं, ते मला नियमात दाखवा.”

“तो दगड फॉरेस्टच्या जागेत येतो, मॅडम.”

“फॉरेस्टच्या जागेत बाई बाळंत झाली तर नोंद वाघ करतो का?”

ते हसले, पण सही करणार नव्हते. “असं आहे, आज हे घेतलं तर उद्या घाटातल्या प्रत्येक मयताची नोंद माझ्याकडे येईल. सगळ्याच जीपा तिथे थांबतात. माझ्या गावाचा मृत्यूचा आकडा वाढेल. वरून विचारतील, तुमच्या गावात एवढे का मरतात?”

मला एवढ्या वर्षांत पुष्कळ कारणं ऐकायला मिळाली आहेत. हे नवीन होतं. माणूस मेला त्याचं काही नाही, आकडा वाढेल याची काळजी. मी म्हटलं, “तुमचा नकार लेखी द्या. कारणासकट. आकडा वाढेल, असंच लिहा.”

त्यांनी कारण लिहिलं नाही. ‘सदर प्रकरण या कार्यालयाच्या अधिकारात बसत नाही’ एवढं लिहिलं. मला तेवढं पुरत होतं. आता माझ्याकडे सगळ्यांचं ‘आमच्याकडे नाही’ सही-शिक्क्यानिशी होतं.

मृत्यूला महिना उलटून गेला की उशिरा नोंद करायला वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो आणि प्रकरण आणखी लांबतं. आम्ही वर्षाच्या आत होतो, पण थोड्याच आत. मी नंदुरबारला जिल्ह्याच्या कार्यालयात गेले. मिरचीचे दिवस होते. गावाबाहेर पथारीवर मिरच्या वाळत होत्या आणि वाऱ्याची दिशा बदलली की सगळं ऑफिस शिंकायचं. साहेबही नाकाला रुमाल लावून बसले होते. मी मोगीबाईला आत बरोबर नेलं. साहेबांनी तिला बसा म्हटलं नाही, मी म्हटलं.

फाइल न उघडता ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही सीनियर आहात. एवढ्या साध्या केसला एवढे कागद? घरी मेला असं लिहायचं. सगळ्यांना सोपं.”

हे वाक्य मी वरच्या गावात ऐकलं होतं. फरक खुर्चीच्या उंचीचा होता. पण गावात ते ऐकून मी फक्त वैतागले होते. इथे मला राग आवरेना.

“साहेब, ही बाई लिहिता-वाचता येत नसताना खरं सांगतेय. तुमच्याकडचे लिहिता-वाचता येणारे सगळे तिला खोटं लिहायला शिकवताहेत. तिने ऐकलं असतं तर उद्या हाच कागद दाखवून तुम्हीच तिचा अर्ज फेटाळला असता. आणि कोणाला सोपं? तिला? ती उन्हाळ्यापासून फिरतेय.”

“आवाज कमी करा.”

“करते. तुम्ही हे वाचा.”

मी सगळे नकार त्यांच्यापुढे ओळीने ठेवले. वरचं गाव म्हणतं, इथे नोंद नाही. दवाखाना म्हणतो, जिवंत गेला. पायथ्याचं गाव म्हणतं, आमच्या अधिकारात नाही. वर नियम ठेवला. म्हटलं, “यातल्या कुणाचं तरी चुकतंय. कुणाचं, ते तुम्ही लेखी सांगा. मी तुमचंही घेऊन जाते.”

सुटे नकार घेऊन गेले असते तर त्यांनी मला चहा पाजून परत पाठवलं असतं. पण एका माणसाचं मरण आणि त्याला जागा नाही म्हणणारे इतके शिक्के एकत्र पाहिल्यावर अधिकाऱ्याला आपल्या शिक्क्याची काळजी वाटू लागते. त्यांनी नियम वाचला. दोनदा वाचला. मग मोगीबाईला पहिल्यांदा विचारलं, “बाई, गाडी थांबली तेव्हा तो गेलेला होता, नक्की?”

“तोंडात पाणी राहिलं नाही,” ती म्हणाली.

साहेबांनी शिंक आवरली की आणखी काही, मला सांगता येणार नाही. त्यांनी फोन उचलला आणि पायथ्याच्या ग्रामसेवकाला स्पीकरवर घेतलं.

“तो घाटातला मयत घेऊन टाका.”

“साहेब, पण तो आमच्या गावचा—”

“नियम वाचलाय का?”

“वाचतो साहेब.”

“परवानगी पाठवतोय. आधी नोंद, मग वाचा.”

हे सगळं एका फोनचं काम होतं. उन्हाळ्यापासून तो फोन कुणी केला नव्हता. एवढ्यासाठी एका बाईने मजुरी सोडून किती फेऱ्या मारल्या, हे कुणाच्याही फाइलला लागलेलं नाही. मी साहेबांचे आभार मानले नाहीत. मी मानावेत अशी त्यांची अपेक्षा असावी, कारण आम्ही बाहेर पडेपर्यंत ते बघत होते.

परवानगी आली. प्रतिज्ञापत्रं लागली. पायथ्याच्या ग्रामसेवकांनी नोंद घेतली आणि दाखला दिला. देताना म्हणाले, “मॅडम, राग मानू नका. आम्हाला कोणी शिकवतच नाही.” मी नियमाची झेरॉक्स त्यांच्याकडेच ठेवून आले. दाखल्यावर दित्याचं नाव होतं, तारीख होती, मृत्यूचं ठिकाण म्हणून पायथ्याचं गाव होतं. मोगीबाईने मला तो वाचून दाखवायला सांगितला. मी वाचला. तिने पुन्हा वाचायला सांगितला. मग घडी करून पोलक्यात ठेवला. झेरॉक्सच्या पिशवीत ठेवला नाही.

होळीच्या आधी अर्ज गेला. ऑफिसमधल्या क्लार्कने दाखला उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “मयत या गावात कसा काय?” मी म्हटलं, “पत्राशी जुळतंय ना?” त्याने मुख्याध्यापकांचं पत्र काढलं. जुळत होतं. अर्ज घेतला.

गावाला कळलंच. दाखला कुणीतरी वाचला, आणि पाड्यात वाचलेलं लपत नाही. गावच्या कारभाऱ्याने मोगीबाईला बोलावलं. मी बरोबर येऊ का विचारलं, ती नको म्हणाली. मला काळजी होती, खोटं कशाला सांगू. होळीनंतर ती तळोद्याच्या बाजाराला आली तेव्हा मी विचारलं, काय झालं?

तिने सांगितलं. सगळे बसले. तिला विचारलं, मेलेला घरात का आणला? ती म्हणाली, त्याने मागितलं होतं. ज्या चौघांनी उतरवलं होतं त्यांना विचारलं, तुम्हाला कळलं नव्हतं का? ते म्हणाले, कळलं होतं. मग कारभाऱ्याने ठरवलं, घर सारवायचं, राहिलेले विधी करायचे, एक बोकड द्यायचा, आणि विषय संपला. त्यातला अर्धा बोकड त्या चौघांनी द्यायचा, कारण कळूनही ते गप्प बसले.

“एकाच दिवसात झालं?” मी विचारलं.

“सकाळी बसले. जेवायच्या आधी उठले.”

“काही लेखी?”

ती माझ्याकडे नवलाने बघत राहिली.

पुढच्या शालेय वर्षात तिचं नाव यादीत लागलं आणि काही काळाने तिला दुसऱ्या एका आश्रमशाळेत कामाठी म्हणून नेमलं. तोरणमाळच्या बाजूला, घरापासून लांब. मुली तिच्याबरोबर त्याच शाळेत आहेत. ऊसतोडीला गेल्या नाहीत. बदलीसाठी अर्ज करायचा का, म्हणून मध्ये तिचा फोन आला होता. मी म्हटलं, कर. आणि कुणी नाही म्हटलं, तर त्याच्याकडून ते तिथल्या तिथे लिहून घे.